घर एका तळ्यावर, जेवण दुसऱ्या गावी

शनिवार, सॅस्कटून

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या सॅस्कटून शहराच्या मधोमध साउथ सस्कॅचेवान नदी वाहते. रेल्वेच्या जुन्या पुलाजवळ तिच्यावर एक बुटका बंधारा आहे. १९३९-४० साली, मंदीच्या काळात, लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून बांधलेला. गावात कुणालाही विचारा, पेलिकन पक्षी कुठे दिसतील, बोट या बंधाऱ्याकडेच जातं. त्याला इथे सगळे 'वीअर' म्हणतात.

जुलै महिना, मुक्काम भाच्याकडे. त्याला आणि भाचेसुनेला पक्ष्यांचं वेड अजिबात नाही. ती म्हणाली, "मावशी, ऑफिसला जाताना रोज यांच्यासमोरून गाडी नेते, पण थांबले कधीच नाही. तुमच्या निमित्ताने आज बघून घेते."

सकाळी साडेसहाला काठावर पोचलो तर पक्षी आधीच कामाला लागलेले. बंधाऱ्यावरून पाणी खाली आपटतं, तिथे फेसाची एक सलग पट्टी तयार होते. मासे प्रवाहाविरुद्ध वर येऊ बघतात, बंधारा आडवा येतो, मग ते त्या फेसाखाली गोळा होतात. पेलिकनांना हे पक्कं ठाऊक आहे. फेसाच्या कडेला दहा-बारा पक्षी प्रवाहाकडे तोंड करून पाय मारत जागच्या जागी उभे. एकाने मान खाली घातली, चोच पाण्यात गेली आणि खालच्या चोचीची कातडी फुगून हंड्याएवढी झाली. आपल्याला वाटतं, आता मासा गिळणार. पण नाही. आधी तो चोच छातीशी टेकवतो आणि पाणी निथळू देतो. त्या झोळीत दहा लिटरच्या आसपास पाणी मावतं, ते घेऊन मान वर करणं त्यालाही जमत नाही. पाणी गेलं की चोच आभाळाकडे, एक झटका, आणि गळ्यातून खाली सरकणारा मासा बाहेरून स्पष्ट दिसतो. मग शेपटी दोन्ही बाजूंना हलवून स्वारी पुन्हा रांगेत.

झोळी मासे साठवायला असते, असं लहानपणापासून ऐकलं होतं. ते खरं नाही. झोळी म्हणजे फक्त जाळं. पिलांसाठी न्यायचे मासे पोटात जातात आणि घरट्यावर गेल्यावर गळ्यात परत येतात. पिलू आईच्या चोचीत डोकं घालून ते खातं.

हा अमेरिकन पांढरा पेलिकन. पंखांचा पसारा अडीच मीटरच्या पुढे जातो, वजन पाच ते नऊ किलो. बसलेला असताना संपूर्ण पांढरा, उडाला की पंखांची काळी किनार उघडी पडते. वसंतात नर-मादी दोघांच्याही वरच्या चोचीवर एक चपटं शिंग उगवतं आणि अंडी घालून झाली की गळून पडतं. जुलैत ते कुठून दिसणार? त्याऐवजी डोक्यावर काळपट पिसं आली होती, कुणीतरी शाईचा हात फिरवावा तशी. पिलांना भरवण्याच्या दिवसांत ही पिसं येतात. दुर्बिणीतून ती दिसली आणि मला वेगळाच प्रश्न पडला. डोकी काळी आहेत, म्हणजे यांतल्या काहींची तरी पिलं असणार. मग ती आहेत कुठे? शहरात एकही घरटं नाही.

उत्तर शेजारच्या आजोबांकडे होतं. घडीची खुर्ची, थर्मास, गळ असा जामानिमा. रेल्वेतून निवृत्त झालेले. "ह्यांचं घर रेडबेरीला," ते म्हणाले. "इथे फक्त जेवायला येतात." रेडबेरी सरोवर इथून सरळ रेषेत सत्तर-ऐंशी किलोमीटर. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ते हसले आणि म्हणाले, "मी पण तीस वर्षं एवढाच प्रवास करून कामाला जायचो. मला कुणी फोटो काढायला आलं नाही."

दर वसंतात पहिला पेलिकन नदीवर कधी उतरेल याची इथे स्पर्धा असते. नदीकाठाची देखभाल करणारी मीवासिन ही संस्था लोकांकडून तारखेचा अंदाज मागवते. साधारण एप्रिलमध्ये पक्षी येतात आणि लांबलचक हिवाळा संपल्याची खात्री पटते. आजोबांचा अंदाज आजवर कधी बरोबर आलेला नाही, हेही त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं.

जाणाऱ्यांसाठी: वीअरला सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी उशिरा जा. जुलैत साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे जेवूनही जाता येतं. साधी दुर्बीणही पुरते, पक्षी इतके जवळ असतात. पाण्यात मात्र उतरायचं नाही. वरून निरुपद्रवी दिसणारा तो फेस माणसाला खाली खेचून धरतो. तशा पाट्या लावलेल्या आहेत आणि त्या उगाच लावलेल्या नाहीत.

रविवार, रेडबेरी सरोवर

आता घर बघायचं होतं. यलोहेड महामार्गाने वायव्येला निघालो. वाटेत बोर्डनजवळ १९३६ चा काँक्रीटच्या कमानींचा जुना पूल दिसतो. वाहतूक शेजारच्या नव्या पुलावरून जाते आणि म्हातारा बाजूला आरामात उभा. रॅडिसनला उजवीकडे वळलो आणि दोन्ही बाजूंना कॅनोला सुरू झाला. मोहरीच्याच कुळातलं पीक, तोच पिवळा रंग, फक्त संपतच नाही. मध्येच गव्हाचा एखादा पट्टा आणि त्यात आरशाचे तुकडे सांडावेत तशी तळी.

या तळ्यांना इथे 'स्लू' म्हणतात. हिमयुगाच्या शेवटी हिमनद्या मागे हटल्या तेव्हा जमिनीत असंख्य खळगे राहिले. बर्फ वितळला की ते भरतात. काही जुलैतच आटतात, काही वर्षभर टिकतात. कॅनडाच्या तीन प्रांतांपासून अमेरिकेतल्या आयोवापर्यंत हा खळग्यांचा मुलूख पसरलेला आहे आणि उत्तर अमेरिकेतल्या बदकांचा मोठा हिस्सा इथे जन्मतो. शेतकऱ्याला मात्र त्याच खळग्याला वळसा घालून ट्रॅक्टर न्यावा लागतो, म्हणून कित्येक बुजवले गेले, कित्येकांचं पाणी चर खणून काढून दिलं गेलं. हा वाद इथे घराघरांत आहे. पाहुण्याने त्यात न पडलेलं बरं.

हॅफर्ड गावात जेवायला थांबलो. हा भाग युक्रेनहून आलेल्या लोकांनी वसवलेला. चर्चचे घुमट कांद्याच्या आकाराचे, आणि खाणावळीत पेरोगी. मैद्याच्या पारीत बटाटा आणि चीज भरून उकडलेल्या, मग लोण्यात परतलेल्या, वर कांदा आणि आंबट साय. मालकीणबाई साठीच्या. मांस नको म्हटल्यावर त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन तव्यावर काय-काय परतलं जातं ते स्वतः विचारून आणलं आणि वर बीटचं सूप आग्रहाने वाढलं. शेवटी सॅस्कटून बेरीचा पाय. ही जांभळी फळं ऐन जुलैत पिकतात आणि शहराचं नाव त्यांच्यावरूनच पडलेलं. चव जांभळापेक्षा सौम्य, बदामाचा किंचित वास. एक तुकडा भाचेसुनेने पुडीत बांधून घेतला, तो संध्याकाळी मीच संपवला.

रेडबेरी हे खारट पाण्याचं सरोवर. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही, बाष्प होतं ते होतं आणि मीठ मागे राहतं. १९२५ पासून हे पक्षी अभयारण्य आहे आणि २००० साली युनेस्कोने परिसराला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. सरोवराच्या बेटांवर पेलिकनांची वसाहत आहे. बेटांवर जायला मनाई, त्यामुळे जे बघायचं ते काठावरून.

काठावरून पहिल्यांदा काय दिसलं? एक पांढरी रेघ. चुना ओतल्यासारखी. भाचा म्हणाला, "मावशी, हे बघायला आपण शंभर किलोमीटर आलो?" स्कोप, म्हणजे लांबचं बघायची एकनळी मोठी दुर्बीण, तिवईवर लावला, त्याला डोळा लावायला दिला आणि त्याचं बोलणं थांबलं. रेघ हलत होती. माना, चोची, मधूनच एखादा पंख. एका कडेला राखाडी-पांढरा गोळा दिसत होता, तो म्हणजे पिलांचं पाळणाघर. पिलं तीन आठवड्यांची झाली की घरटं सोडून एकमेकांना चिकटून घोळक्यात राहतात. रात्री ऊब मिळते. आई-बाप दोघेही मासे आणायला मोकळे होतात आणि परतल्यावर त्या गर्दीतून नेमकं आपलंच पिलू शोधून काढतात.

घरटं म्हणजे जमिनीतला उथळ खड्डा, भोवती थोडी माती-काडी. अंडी दोन, उबवायला साधारण महिना. उबवतात ती पायांच्या पडद्यांनी, कारण अंड्यांना ऊब द्यायला इतर पक्ष्यांच्या पोटाला पिसांविना उघडा ठिपका असतो, तसा यांना नसतो. दोन अंड्यांतून बहुधा एकच पिलू जगतं. मोठं धाकट्याला टोचून खाण्यापासून हाकलतं. भाचेसून एकदम चिडली. "मग दुसरं घालतातच कशाला?" विमा, म्हटलं. पहिलं नासलं, चोरीला गेलं, तर हाताशी दुसरं. तिला ते पटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही मनापासून पटत नाही.

साडेदहानंतर खरी गंमत सुरू झाली. ऊन तापलं, जमिनीवरून गरम हवा वर चढायला लागली आणि बेटावरचे पक्षी गटागटाने उठले. पंख फारसे न हलवता गिरक्या घेत वर, आणखी वर. पांढरे दिसायचे, वळले की आभाळात विरून जायचे, पुन्हा वळले की पुन्हा पांढरे. पुरेशी उंची मिळाल्यावर एकेका गटाने एकेक दिशा धरली. एक गट आग्नेयेला गेला. सॅस्कटून त्याच बाजूला. नऊ किलोचा पक्षी पंख मारत रोज एवढं अंतर तोडू शकत नाही. तो ऊन तापायची वाट बघतो आणि फुकटात जातो. घरासाठी सुरक्षित बेट हवं, जेवणासाठी मासे हवेत, दोन्ही एका ठिकाणी मिळतातच असं नाही. म्हणून एक तळं वाचवून पेलिकन वाचत नाही. त्याला बेट हवं, मधली तळी हवीत, नदी हवी.

आणि बेटावर शांतता हवी. माणूस किंवा कोल्ह्यासारखा कोयोटी जवळ आला की मोठे पक्षी उठतात आणि टपून बसलेले गल पक्षी मिनिटांत अंडी फस्त करतात. उघडी पिलं उन्हाने मरतात ती वेगळीच. सीमेपलीकडे अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात चेस लेक हे सरोवर आहे. १९०८ साली अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ते राखीव केलं तेव्हा तिथे जेमतेम पन्नास पेलिकन उरले होते. शतकभरात ते तीस हजारांच्या पुढे गेले. आणि २००४ च्या उन्हाळ्यात जवळजवळ सगळे मोठे पक्षी अंडी-पिलं टाकून निघून गेले. नंतरच्या वर्षांत ते परतले, पण एवढी मोठी वसाहत एका मोसमात मोडू शकते हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. कॅनडातही १९७८ साली हा पक्षी धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत टाकावा लागला होता. वसाहतींना संरक्षण मिळालं, संख्या सावरली आणि १९८७ साली तो यादीतून बाहेर आला.

जाणाऱ्यांसाठी: इथे स्कोप हवाच, साध्या दुर्बिणीने निराशा होईल. पण दहा-साडेदहानंतर उन्हाच्या झळांनी स्कोपमधलं चित्र थरथरायला लागतं. म्हणून बेट बघायचं ते सकाळी, उडणारे थवे बघायचे ते नंतर. टोपी, पाणी आणि खाण्याचं आपलं आपण न्यावं. गवतातून चालल्यावर पायांवर गोचीड आहे का ते तपासावं. मला एक सापडली, पायमोज्यावर, अजून चावायच्या बेतात.

सोमवार, मॅनिटू बीच

या दिवशी पेलिकन जवळजवळ नाहीतच. वॉट्रस गावाजवळचं लिटल मॅनिटू सरोवर समुद्रापेक्षा कितीतरी खारट आहे, पोहता न येणारा माणूसही पाण्यावर तरंगतो. मी तरंगले. वर्तमानपत्र घेऊन तरंगत वाचायचा फोटो इथे सगळे काढतात, आम्हीही काढला. डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नका आणि अंगावर ओरखडा असेल तर आत जाऊच नका.

संध्याकाळी रस्त्याकडेच्या एका स्लूवर तासभर बसलो. पिवळ्या डोक्याचे ब्लॅकबर्ड लव्हाळ्याच्या टोकावर झुलत असा काही आवाज काढतात की दाराची बिजागरी गंजली आहे असं वाटावं. अ‍ॅव्होसेट वर वळलेली चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चाललेले. काळे सुरय पाण्यावर घिरट्या घालत होते. भिगवणला आपण शेकडो पक्ष्यांसाठी बोटवाल्याला पैसे देतो, इथे गाडीची काच खाली केली की झालं. डास मात्र भिगवणच्या चौपट. जाळीची टोपी विकत मिळते, हसू येईल पण घ्या.

मंगळवार, लास्ट माउंटन लेक

उत्तर अमेरिकेतलं सगळ्यात जुनं पक्षी अभयारण्य. साल १८८७. रेल्वे येत होती, पाठोपाठ वस्ती येणार होती, आणि तेव्हाचे या मुलखाचे लेफ्टनंट गव्हर्नर एडगर ड्यूडनी यांनी सुचवलं की सरोवराच्या उत्तर टोकाची सुमारे हजार हेक्टर जमीन विकू नये, पक्ष्यांसाठी ठेवावी. बायसन, म्हणजे इथले रानगवे, तोवर जवळपास संपले होते. सरोवर नव्वदेक किलोमीटर लांब आहे, पण पक्ष्यांची गर्दी असते ती या उथळ टोकाला.

खडीच्या रस्त्याने गाडी हळू हाकत फिरायचं, पाटी दिसली की थांबायचं, असा इथला क्रम. गुरं अडवायला रस्त्यात लोखंडी पाइप आडवे टाकलेले असतात, त्याला इथे 'टेक्सास गेट' म्हणतात. त्यावरून जाताना गाडी अशी खडखडते की भाचा दर वेळी दचकायचा.

एका वळणावर बांधाला लागून उथळ पाणी होतं आणि त्यात पेलिकन. वीअरला प्रत्येक पक्षी आपापला मासा धरत होता. इथलं काम वेगळं. चौदा-पंधरा पक्षी आधी विखुरलेले. मग काही खूण व्हावी तसे एका रांगेत आले, रांगेचा अर्धगोल झाला आणि सगळे मिळून काठाकडे सरकायला लागले. पंख अर्धवट उघडून पाण्यावर आपटत, मासे पुढे ढकलत. मालवणकडची रापण ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे पुन्हा सांगायला नको. फरक इतकाच की इथे जाळं प्रत्येकाच्या तोंडातच आहे. अर्धगोल काठाला भिडला, पाणी उकळल्यासारखं झालं आणि सगळ्या चोची एकाच वेळी खाली. वर आल्या तेव्हा कडेचा एक पक्षी रिकामा होता. त्याने शेजाऱ्याच्या झोळीतून बाहेर आलेली शेपटी धरून ओढली. शेजाऱ्याने चोच गच्च मिटली. दोघे गोल फिरले, झोळीचं पाणी उडालं, आणि मासा दोघांच्या मधून निसटून गेला. भाचेसून टाळ्या वाजवायचीच बाकी होती.

आमच्यापासून ते तीस-पस्तीस पावलांवर असतील. आम्ही गाडीतून उतरलो नाही म्हणूनच. गाडी त्यांना चालते, दोन पायांचा माणूस चालत नाही.

दुपारी तीनच्या सुमारास पश्चिमेकडे आभाळ निळं-काळं झालं. सपाट मुलखात वादळ अर्धा तास आधी दिसतं, त्यामुळे घाबरायला भरपूर वेळ मिळतो. आधी वारा, मग पाऊस, मग बोराएवढ्या गारा. दहा मिनिटांत सगळं संपलं, पण मातीच्या रस्त्याचा पार चिखल झाला. चाकाला चिकटला की सुटत नाही असा. खडीचा रस्ता गाठेपर्यंत भाचा एक शब्द बोलला नाही.

खडीवर आलो तर एक शेतकरी पिकअप थांबवून गारांनी शेताचं काय केलं ते बघत होता. आम्ही ठीक आहोत ना हे त्याने आधी विचारलं, मग कुठले म्हणून विचारलं. भारत म्हटल्यावर त्याने शेताकडे हात केला. "मसूर. तुमच्याकडेच जाते." कॅनडातली बहुतेक मसूर याच प्रांतात पिकते आणि भारत तिचं मोठं गिऱ्हाईक, हे वाचून माहीत होतं. पण आमटीत पडणारी डाळ गुडघाभर उंचीची, गारांनी आडवी झालेली बघताना कसंसंच झालं. "अर्धं उभं राहील," तो म्हणाला. मग म्हणाला, "तुमच्या सरकारला सांगा, आयातकर वाढवू नका." निरोप माझ्याकडून इथवर पोचवला आहे.

त्याच्या शेतात दोन स्लू होते. पेलिकन येतात का विचारलं. "पाणी असलं की येतात. नसलं की त्यांना माझ्याआधी कळतं."

कधी जावं: पेलिकन एप्रिल ते सप्टेंबर असतात, मग मेक्सिकोच्या आखाताकडे जातात. शिंग बघायचं असेल तर मेच्या सुरुवातीला जा, पिलांसाठी जून-जुलै. लास्ट माउंटनला सप्टेंबरच्या अखेरीस सँडहिल क्रौंच हजारोंनी उतरतात, तेव्हा पेलिकन दुय्यम ठरतात. पेट्रोल दिसेल तिथे भरा, गावं लांब आहेत. मोबाइलला मध्येच रेंज नसते, नकाशा उतरवून ठेवा. पाऊस झाला की मातीचे रस्ते सोडा, खडीचाच धरा. रेडबेरी आणि वीअर एकाच दिवशी करायचं झालं तर आधी रेडबेरी, संध्याकाळी वीअर. लहान मुलं बरोबर असतील तर सरळ वीअरलाच जा. त्यांना बेटावरची पांढरी रेघ बघण्यात रस नसतो.